वरील नियम पाहुण्यांस लागू नाहीत

घर ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि गळणे ही घराची. या दोन गरजांच्या मध्ये जो माणूस उभा असतो त्याला मिस्त्री म्हणतात. तो सहसा उभा नसतो, म्हणून त्याला फोन करावा लागतो. तो फोन उचलत नाही, म्हणून मोबाइलमध्ये ॲप घ्यावं लागतं. मानवजातीची प्रगती अशी एकेका पायरीने झालेली आहे.

प्रस्तुत लेखक (म्हणजे मी, पंजाबराव, सेवानिवृत्त केंद्रप्रमुख, मुक्काम मोताळा) या विषयावर अधिकाराने बोलू शकतो, कारण मी ‘घरदुरुस्ती फसवणूक प्रतिबंधक नागरिक समिती’चा संस्थापक अध्यक्ष आहे. समितीचं कार्यक्षेत्र संपूर्ण तालुका असून सदस्यसंख्या दोन आहे. दुसरे सदस्य आमचे शेजारी प्रसेनजित. ते बँकेत नोकरीला आहेत आणि त्यांना सचिव व्हायचं नव्हतं, त्यामुळे त्यांची निवड बिनविरोध झाली.

समिती स्थापन होण्याचं कारण सर्वांना ठाऊक आहे. हल्ली नळाची तोटी, भिंतीची ओल, गच्चीची गळती ही सगळी दुखणी मोबाइलवरून बरी होतात असं लोक मानतात. ॲपवर बोट लावलं की टोपी घातलेला हसरा कारागीर दिसतो. तो येतो, डबा उघडतो, पैसे घेतो आणि साहित्य आणायला म्हणून जो जातो तो थेट दुसऱ्या जिल्ह्यात निघतो. अशा भोळ्या लोकांना शहाणं करण्यासाठी मी ठिकठिकाणी व्याख्यानं दिली. ज्येष्ठ नागरिक संघात दिली, शाळेत दिली, आणि एकदा तेरवीच्या जेवणाआधीही दिलं, कारण श्रोते आयतेच बसलेले होते. व्याख्यानाच्या शेवटी मी समितीची नियमावली वाचून दाखवत असे. ती अशी:

१. काम तपासल्याशिवाय दाम देऊ नये.

२. कारागिराचे नाव विचारावे व ओळखपत्र पाहून खात्री करावी.

३. साहित्याचा डबा आपल्यासमोर उघडावयास लावावा. डब्यावरील चित्रावर विसंबू नये.

४. गळतीच्या कामाची परीक्षा पाणी सोडूनच करावी.

५. ॲपवर तारे देण्याची घाई करू नये. एक पाऊस पडू द्यावा.

६. वरील नियम पाहुण्यांस लागू नाहीत.

सहावा नियम मूळ मसुद्यात नव्हता. तेरवीच्या व्याख्यानात मागच्या पंगतीतून कोणीतरी उठून विचारलं, “सर, कारागीर पाव्हनाच निंगाला तं? भाच्याले ओळखपत्र मांगता का तुमी?” एकाही माणसाला भाच्याकडे ओळखपत्र मागता येईना. मी जागच्या जागी सहावा नियम घातला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधीच्या पाच नियमांना कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, यावरून लोकांना कायद्यात नेमकं काय आवडतं ते कळतं.

(समितीच्या पाहणीनुसार तालुक्यातले शंभरापैकी सत्त्याण्णव लोक एकमेकांचे पाहुणे लागतात. उरलेले तीन बदली होऊन आलेले आहेत आणि त्यांचीही चौकशी चालू आहे.)

आता प्रत्यक्ष प्रकरणाकडे येतो. आमच्या घराला पूर्वेकडे एक खोली आहे. तिचा स्लॅब एका कोपऱ्यात गळतो, आणि तो कोपरा नेमका पलंगावर आहे. एरवी मी या गोष्टीकडे तात्त्विक दृष्टीने पाहिलं असतं. पण आमची एकुलती एक मुलगी प्रेरणा हिला आठवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिच्या लग्नाच्या आधीपासून ठरलेलं. माझ्या पत्नीने, म्हणजे सौ. पुष्पाबाईंनी, डिंक आणून ठेवला होता, खोबरं आणलं होतं, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती आणि पाळण्याची दोरी बदलली होती. राहिली होती ती कोरडी खोली. तिची जबाबदारी माझ्याकडे होती.

प्रेरणाचं सासर चिखलीला. तिच्या सासूबाई, सरस्वतीबाई, अतिशय सालस बाई आहेत. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या की आमच्याकडची खोली कोरडी आहे, तरी पण तुमची हौस आहे तर आम्ही आड येत नाही. सौ.नी फोन ठेवला आणि वर स्लॅबकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. दोन्हीकडे पाहण्याची नजर एकच होती.

मी तातडीने निवृत्ती मिस्त्रीला फोन केला. निवृत्ती आमच्या भागातला नावाजलेला मिस्त्री. (मी निवृत्त, तो निवृत्ती, कामाचा उरक दोघांचा सारखाच.) तो म्हणाला, “येऊन राह्यलो.”

या वाक्याचं थोडं व्याकरण सांगणं भाग आहे. ‘येऊन राह्यलो’ हे पुण्याकडच्या लोकांना अशुद्ध वाटतं. ते तसं नाही. मराठीत भूत, भविष्य आणि वर्तमान असे तीन काळ आहेत, आणि वऱ्हाडात हा चौथा आहे. या काळात माणूस सतत येत असतो आणि कधीही पोचत नाही, आणि तरीही त्याला खोटं बोलला असं म्हणता येत नाही. निवृत्ती सोमवारी येऊन राह्यला होता, मंगळवारी येऊन राह्यला होता, आणि बुधवारी मला तो बाजारात वांगी घेताना भेटला तेव्हाही माझ्याकडेच येऊन राह्यला होता.

श्रावणातली उघडीप चालू होती. ऊन पडलेलं होतं, पण ते किती दिवस टिकेल ते कोणी सांगत नव्हतं. म्हणून मी ॲप घेतलं. (ॲपचं नाव देत नाही. बदनामीच्या भीतीने नव्हे, मला ते आठवत नाही. चिन्ह हातोडीचं आहे.) गळती, गच्ची, मोताळा, असं सगळं भरलं. लगेच उत्तर आलं: ‘आपले कारागीर मार्गावर आहेत.’ सोबत नकाशा होता आणि नकाशात एक छोटी मोटारसायकल राजूर घाटात उभी होती. मी दुपारभर तिच्याकडे पाहत बसलो. ती हलत नव्हती, पण मार्गावर होती. माझ्या लक्षात आलं की ॲपवाल्यांनीही चौथा काळ शिकून घेतला आहे. त्यामुळे ॲपबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

चार वाजता खरोखरच मोटारसायकल दारात आली. मी सावध होतो. नियमावलीची प्रत खिशात होती. तिशीतला, नीटनेटका पोरगा उतरला. त्याच्या गाडीला दोन डबे बांधलेले होते, हँडलला ब्रश अडकवलेला होता. माझ्या डोक्यात नियम क्रमांक दोन घोळत होता. मी कडक आवाजात विचारलं, “कोठचे तुमी?”

“इकडलाच हाये जी,” तो म्हणाला.

आता इथे नियमाप्रमाणे मी नाव विचारायला हवं होतं. पण आमच्या भागात माणसाची खात्री नावाने होत नाही, गावाने आणि घराने होते. नाव कोणालाही ठेवता येतं. शिवाय मी त्याच्या नाकाकडे पाहिलं आणि थबकलो. तसं नाक माझ्या चुलत आत्याचं, पिंपळगाव राजाच्या गोजरबाईचं आहे. (आत्याची आणि माझी गेल्या कित्येक वर्षांत भेट नाही, त्यामुळे आमचं प्रेम शाबूत आहे.)

“पिंपळगाव राजाचे का?” मी विचारलं.

“हाव.”

“गोजरबाईच्या घरचे?”

तो जरा हसला. “बराबर वयखलं तुमी.” (वयखलं म्हणजे ओळखलं.)

“नातू का? लेकीकडून?”

“लेकीकडून,” तो म्हणाला, आणि अत्यंत आदराने मला म्हणाला, “मामा.”

हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरतात. मी त्या दिवशी पहिल्या अर्थाने विरघळलो. तो माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला मधेच धरलं, कारण आमच्याकडे भाच्याने मामाच्या पाया पडायचं नसतं. मामाने भाच्याच्या पाया पडायचं असतं. तशी रीत आहे. (पुण्याकडच्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचलं तरी चालेल, अर्थ तोच राहील.) अशा रीतीने घरदुरुस्ती फसवणूक प्रतिबंधक नागरिक समितीचे संस्थापक अध्यक्ष आपल्याच अंगणात, दिवसाढवळ्या, ॲपवरून आलेल्या कारागिराच्या पाया पडले.

पुढचं सर्व प्रकरण मी निःपक्षपातीपणे नोंदवू इच्छितो. तो पोरगा म्हणाला, मामा, आधार कार्ड दाखवू का? मला ते लागलं. मी म्हणालो, आता काय भाच्याचं आधार कार्ड पाहू? तो म्हणाला, डबा उघडून दाखवतो. मी म्हणालो, तू आधी चहा घे. चहाच्या मागोमाग पोहे आले, आणि भाचा पहिल्यांदाच घरी आला म्हणून सौ.नी पुरण शिजत टाकलं. वर स्लॅबवर त्याने ब्रशने पांढरं काहीतरी मारलं. दोन हात दिले, कडेचे कोपरे भरले. मग खाली येऊन म्हणाला, मामा, पाणी सोडून पाहू का? आता आमच्या नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. ते भाच्यावर अविश्वास दाखवायला सांडायचं, हे मला कोणत्याही नियमात बसेना.

या संपूर्ण व्यवहारात समितीच्या नियमांचा आग्रह धरणारा एकच माणूस होता, आणि तो कारागीर होता.

सौ. वर जाऊन पाहून आल्या. बोटाला लागलेलं पांढरं त्यांनी अंगठ्याने चोळून पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, “हा तं चुना होय जी.”

मी त्यांना समजावलं की ते केमिकल आहे, आणि बाहेरच्या देशातलं आहे. ही माहिती मला कोणी दिलेली नव्हती. डब्यावर पाण्यात न भिजणाऱ्या एका गोऱ्या बाळाचं चित्र होतं, त्यावरून मी ती काढली. (नियम क्रमांक तीन पाहावा.) वाचकांच्या मनात आता एक वाक्प्रचार आला असेल. तर नोंद घ्यावी की इथे वाक्प्रचाराचा काहीही संबंध नाही. त्याने खरोखरच चुना लावला होता.

तेवढ्यात प्रसेनजित बँकेतून घरी आले आणि कुंपणापाशी थांबले. मी अभिमानाने ओळख करून दिली, हा आमचा भाचा, पिंपळगावचा. प्रसेनजितनी हसून विचारलं, “नाव काय तुमचं?”

पोरगा ब्रश धुवायला वाकला. माझ्या ध्यानात आलं की मी त्याचं गाव, घर, आजी आणि नाक एवढं सगळं तपासलं होतं, फक्त नाव राहिलं होतं. पण आता पुरण शिजल्यावर विचारणं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याचा अपमान होता, आणि माझाही. मी प्रसेनजितना म्हणालो, “सायेब, पाव्हन्याले दारात नाव इचारत असतात का?” आणि पोराला हाताला धरून पंगतीला नेलं. सचिवांनी आपला प्रश्न मागे घेतला.

पैशाचा विषय निघाला तेव्हा पोरगा म्हणाला, राहू द्या मामा, पाऊस पाहा आधी, पैसे कुठे पळून चालले. हे ऐकून मला भरून आलं. भाच्याचं देणं अंगावर ठेवणं म्हणजे पाप. मी सबंध रक्कम त्याच्या खिशात कोंबली. त्याने ती परत काढून टेबलावर ठेवली. मी ती पुन्हा कोंबली. असं बराच वेळ चाललं, आणि शेवटी मी जिंकलो. वरून टॉवेल-टोपी झाली, नारळ झाला, पुरणपोळ्या बांधून दिल्या. तो गेला तेव्हा मी आणि सौ. रस्त्यापर्यंत गेलो होतो.

त्याच संध्याकाळी मी ॲप उघडलं आणि पाच तारे दिले. सहावा देण्याची सोय नव्हती म्हणून खाली शेरा लिहिला: ‘कारागीर घरचाच माणूस आहे. डोळे झाकून विश्वास ठेवावा. पंजाबराव, संस्थापक अध्यक्ष, घरदुरुस्ती फसवणूक प्रतिबंधक नागरिक समिती.’ ॲपवाल्यांनी हा शेरा सर्वांत वर, पिवळ्या चौकटीत लावला. मी तो प्रसेनजितना दाखवला. ते ‘छान’ म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मग मी चिखलीला फोन करून खोली तयार आहे असं कळवलं. जावई दीपक प्रेरणाला गाडीतून घेऊन आले. सौ.नी तिच्यावरून भाकर तुकडा ओवाळून टाकला. तिने पूर्वेच्या खोलीत पलंगावर पाय लांब केले आणि म्हणाली, “आई, आता मी कोठीच जात नाई.” तो दिवस आमच्या घरात फार चांगला गेला. रात्री जेवताना सौ. माझ्याशी चक्क दोन वाक्यं जास्तीची बोलल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरलं आणि पाऊस आला. पहिला अर्धा तास स्लॅबने दम धरला. मग पलंगावर थेंब पडायला लागले, आणि ते पांढरे होते. प्रेरणा उठून बसली, हातावर थेंब घेऊन पाहिला आणि म्हणाली, “बाबा, हे दुधावानी काय गळून राह्यलं?” मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात सौ.नी पलंगावर पातेलं ठेवलं. ते भरायला लागलं तसं दुसरं आणलं. पूर्वी गळती एका कोपऱ्यात होती, आता तीन ठिकाणी झाली. पोराने ब्रश मारताना जुनी भेग खरवडून काढली असावी. (ही गोष्ट त्याने मनापासून केली, हे कबूल करायला हवं.)

मी ॲपवर दिलेल्या नंबरावर भाच्याला फोन लावला. अनपेक्षितपणे त्याने उचलला. पाठीमागे कोणीतरी बाई आग्रह करत होत्या, घ्या न पाव्हने, अजून एक पोळी. मी म्हणालो, खोली गळून राह्यली. तो अजिबात गोंधळला नाही.

“येऊन राह्यलो मामा,” तो म्हणाला.

दोन दिवस प्रेरणा बैठकीच्या दिवाणावर झोपली. भिंती ओल्या, अंथरूण दमट. तिला खोकला झाला. खोकताना ती पोट धरायची, आणि सौ. उठून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायच्या. मग सरस्वतीबाई आणि दीपक गाडी घेऊन आले. सरस्वतीबाई एक अक्षर वावगं बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, पावसाचं काय हो, कोणाच्याही घरी गळतं. हे ऐकणं शिव्या ऐकण्यापेक्षा कठीण होतं. सौ.नी डिंक, खोबरं आणि दुपटी एका पिशवीत भरून त्यांच्या गाडीत ठेवली. पाळण्याची दोरी मात्र घरीच राहिली. गाडी वळल्यावर त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “ते पाच तारे तेवढे खुडून आना. नातवंडाच्या पाळन्यावर बांधू.”

नात चिखलीला झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. सौ. पाहायला गेल्या त्या पाहुणीसारख्या. त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला गेला, आणि पोरीला न्हाऊ घालायला त्यांना आधी विचारावं लागलं. हे त्यांनी घरी आल्यावर मला सांगितलं नाही, प्रेरणाने सांगितलं. मला फार वाईट वाटलं. या वाक्यापुढे कंसात लिहिण्यासारखं काही नाही.

समितीची तातडीची बैठक कुंपणापाशी झाली. प्रसेनजित म्हणाले, “सर, तो शेरा काढून टाका. तुमचं नाव पाहून लोक त्याले बोलावून राह्यले. उद्या आनखी कोनाच्या घरी बाळंतीन असन.” ते असंही म्हणाले की सहावा नियम रद्द करावा आणि पोलिसांत तक्रार द्यावी. तिन्ही सूचना उत्तम होत्या. फक्त अडचणी होत्या. तक्रारीत आरोपीचं नाव लिहावं लागतं, आणि ॲपवरही तो नुसता ‘आपले कारागीर’ होता. नियम रद्द केला तर लोक विचारणार, काऊन? आणि शेरा ॲपवर पुसता येत नाही, फक्त बदलता येतो, आणि बदलला तर पिवळ्या चौकटीत माझ्या नावापुढे पाच ताऱ्यांच्या जागी एक तारा दिसणार, म्हणजे अध्यक्षांना मामा बनवलं हे तालुक्याला कळणार.

तरी मी धीर केला. सौ. चिखलीहून आल्यापासून बोलत नव्हत्या, आणि ते मला सहन होत नव्हतं. मी ठरवलं की आधी गोजरआत्याला फोन करून हा नातू तिचा नाही याची खात्री करायची, मग जे व्हायचं ते होवो, शेरा बदलायचा. बाहेर परतीचा पाऊस चालू होता. पूर्वेच्या खोलीत पातेली मांडलेली होती. मी तिथेच उभा राहून फोन लावला.

“आत्या, मी पंजाब. तुमचा नातू…”

“बरं झालं तू फोन केला,” आत्या म्हणाली. “मीच करनार होती. तुया साडूचा पोरगा येऊन गेला. लय गुनाचा.”

मला आधी काहीच कळेना. माझे साडू मेहकरला आहेत आणि त्यांना दोन मुलीच आहेत.

“म्या इचारलं त्याले, पंजाबचा पाव्हना का तू? तं हाव म्हने. म्या म्हनलं, मेहकरच्या साडूचा? तं म्हने बराबर वयखलं आजी. टिनावर केमिकल मारून देल्लं त्यानं. म्या त्याले टावेल-टोपी केली. तुया नावाची लाज राखली, बाप्पा.”

माझ्या हातात तेव्हा दोन गोष्टी होत्या: फोन आणि खरं बोलण्याची संधी. आत्याचं वय झालेलं. तिने माझ्या नावावर विश्वास ठेवून पोराला घरात घेतलं, आणि मी तिच्या नाकावर.

“काम कसं झालं, आत्या?” मी विचारलं. “गळत तं नाई?”

“नाई,” आत्या म्हणाली. “थेंब नाई. आन् तुया घरी?”

“माझ्याही नाही.”

फोनमधून तिच्याकडचा आवाज स्पष्ट येत होता. भांड्यात पाणी पडत होतं, एका लयीत, टप टप.

“आत्या, ते काय वाजून राह्यलं?”

“टीव्ही हाये,” आत्या म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “तुयाकडं बी वाजून राह्यलं कायतरी.”

“टीव्हीच आहे,” मी म्हणालो.

तिने ख्यालीखुशाली विचारली, नातीचं बारसं कधी ते विचारलं, आणि आम्ही फोन ठेवला. इतक्या वर्षांनी आमचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत झालं होतं.

शेरा बदलण्यासाठी ॲप उघडलं तेव्हा मी प्रथमच इतरांचे शेरे वाचले. माझ्या चौकटीखाली ते ओळीने लागलेले होते. वरवट बकालच्या एका मावशी लिहितात, ‘आमच्या जावेच्या माहेरचं लेकरू निघालं.’ एक निवृत्त कृषी सहायक लिहितात, ‘वर अध्यक्ष साहेबांचे नाव पाहून बोलावले, तर आमचाच पाहुणा.’ कलाबाई म्हणून एका भगिनींनी नुसता जोडलेल्या हातांचा फोटो टाकला आहे. सर्वांचे पाच तारे. त्यातले बहुतेक शेरे भर पावसातले, तारीख पाहिली की कळतं. एवढ्या लोकांनी पातेल्याशेजारी बसून हे लिहिलं आणि एकानेही तारा कमी केला नाही. मला वाटलं होतं की फसणारा मी एकटा आहे, आणि मी एकटाच नाही हे कळल्यावर मला जो दिलासा मिळाला तो अध्यक्षाला शोभणारा नव्हता. मी शेरा तसाच ठेवला. एवढ्या लोकांच्या इज्जतीचा प्रश्न होता.

काल प्रेरणाचा फोन आला. सव्वा महिना होत आला आहे, बाळाला घेऊन यायचं म्हणते. फोन सौ.च्या हातात होता, त्यांनी तो काही न बोलता माझ्या कानाला लावला.

“बाबा, खोली वाळली का?”

“वाळून राह्यली,” मी म्हणालो.

सौ.नी फोन काढून घेतला. पाळण्याची दोरी खुंटीला आहे. निवृत्ती मिस्त्री येऊन राह्यला आहे. नियमावलीची नवी आवृत्ती छापायला गेली असून तीत सहावा नियम जाड अक्षरात आहे.

वाचकहो, एवढं सगळं तुम्ही हसत हसत वाचलंत, कारण तुम्ही शिकलेले आहात आणि तुमच्या बाबतीत असं काही होत नाही. हे मला मान्य आहे. फक्त त्या शेऱ्यांच्या रांगेत, खालून दुसरं, जे नाव आहे ते मी ओळखलं. काळजी करू नका, मी कोणाला सांगणार नाही. नीट शोधलं तर आपण एकमेकांचे पाहुणेच निघू. आणि मघाशी, आत्याच्या फोनपर्यंत आल्यावर, तुम्ही हे बाजूला ठेवून आत गेलात आणि पातेलं रिकामं करून आलात, तेव्हा जो आवाज झाला तो टीव्हीचा होता, असंच मी धरून चाललो आहे.